निवलेली कॉफी

काचेवर कप टेकल्याचा आवाज झाला आणि तैसीर दचकला. आवाज म्हणण्यासारखाही नव्हता तो. मुठीत मावेल एवढा चिनी मातीचा बिनकानाचा कप, तो टेबलाच्या काचेला लागून कितीसा वाजणार? खाली रस्त्यावर गॅस सिलिंडर विकणारी गाडी आपली ठरलेली धून वाजवत चढण चढत होती, शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गालिचा झोडपत होतं, आणि या सगळ्यातून तैसीरच्या कानांनी नेमका तोच आवाज वेचून घेतला. समोरच्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याने कॉफीला तोंड न लावता कप खाली ठेवला होता. पाहुणा म्हणजे योझे, स्लोव्हेनिया नावाच्या देशातून बायकोबरोबर फिरायला आलेला, साठी उलटलेला, उन्हाने नाक सोललेला माणूस. काल त्या दोघांचं मृत समुद्रात तरंगून झालं होतं, उद्या पेट्राला जायचं होतं, आणि मधल्या शुक्रवारी 'अम्मानमधल्या एका घरात जेवण' असा कार्यक्रम होता. ते घर तैसीरचं. जेवण त्याच्या मुलीने, रुलाने, रांधलेलं; तीन वर्षं दर शुक्रवारी ती अशा परदेशी प्रवाशांना जेवू घालत होती. तैसीरकडे काम एवढंच, की घरातला म्हातारा होऊन बसायचं. ते त्याला चांगलं जमत असे. तीन वर्षांत डोक्यावरच्या लाल चौकड्यांच्या रुमालासकट तो किती परक्या घरांतल्या भिंतींवर जाऊन बसला होता कोण जाणे. मघाशी जेवतानाही योझेची बायको मेता हिने त्याचे चार फोटो काढले होते, एक तर भाताचा घास तोंडात असताना.

रुला पाहुण्यांना कॉफी प्यायला शिकवायची. जेवणानंतरचा हा भाग तिला पाठ होता आणि पाहुण्यांना फार आवडायचा. कप उजव्या हातात घ्यायचा. ओतणाऱ्याच्या डाव्या हातात किटली. पहिल्यांदा घोटभरच ओततात, काठोकाठ भरला तर समजायचं की यजमानाला तुम्ही लवकर जायला हवे आहात. संपल्यावर कप नुसता पुढे धरला तर पुन्हा ओततील, ओततच राहतील. पुरे असेल तर मनगटाने कप हलवायचा, असा, दोनदा. मग ते पाहुणे मनगटं हलवून हसायचे, एकमेकांना दाखवायचे, आणि हसण्याच्या भरात आणखी दोन कप रिचवायचे. एवढं सगळं रुला सांगायची. एक गोष्ट मात्र सांगायची नाही. मान्यवर पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला तर तो काहीतरी मागायला आलेला असतो, आणि यजमानाने 'प्या, ज्यासाठी आलात ते दिलं' असं म्हटल्याशिवाय तो कपाला हात लावत नाही, हे तिने तीन वर्षांत एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं. तैसीरला हे पहिल्याच शुक्रवारी लक्षात आलं होतं. त्यावर तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. या घरात न बोलण्याची सवय खुर्च्या-टेबलांइतकी जुनी होती, येता-जाता तिची ठेच लागू नये एवढं दोघंही जपत.

योझेला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने छातीवर हात ठेवून काहीतरी सांगितलं. तैसीरला इंग्रजी कामापुरतं येई, त्यात त्याला 'डॉक्टर' कळला. माणसाला कॉफी वर्ज्य होती, बस्स. पण मेताच्या मांडीवर जाडजूड प्रवासाचं पुस्तक होतं आणि त्यात बहुधा सगळंच लिहिलेलं असावं. तिने पानांत बोट घालून, डोळे चमकवत विचारलं, "थांबा, थांबा, मी वाचलंय. असं ठेवलं म्हणजे काहीतरी मागायचं असतं ना?" रुलाच्या हातातली किटली क्षणभर जागच्या जागी राहिली. मग ती हसली, पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू, आणि म्हणाली, "बरोबर. आता बाबांनी 'दिलं' म्हटल्याशिवाय यांना पिता येणार नाही." योझेने घाबरल्याचा आव आणून दोन्ही हात वर केले. मग तिघंही तैसीरकडे बघू लागली.

गमतीचीच गोष्ट होती. चार शब्द टाकायचे, सगळी हसतील, मेता पाचवा फोटो काढेल. तैसीरने तोंड उघडलं. पंख्याची टकटक ऐकू आली. हा पंखा नवा होता. टकटक करायचा तो जुना, आणि तो तर त्याची बायको नुज्हा गेली त्या वर्षीच भंगारात दिला होता. तरी ऐकू आली. टेबलावरच्या कपातून वाफेची बारीक रेघ निघत होती, आणि ती संपायच्या आत काहीतरी बोललं पाहिजे हे त्याला जसं त्या दिवशी कळत होतं तसंच आत्ताही कळत होतं.

त्या दिवशी या खोलीत सत्तावीस माणसं होती. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. खुर्च्या आपल्या घरच्या नऊ, बाकीच्या शेजारच्या तीन घरांतून आणलेल्या, त्यांतल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन मुख्य पाहुण्या अबू नायलच्या मागे नको म्हणून नुज्हाने शेवटच्या क्षणी कोपऱ्यात सरकवल्या होत्या. रुलाला मागणी घालायला जाहा आली होती, मुलाकडची मानाची माणसं रीतीप्रमाणे सगळी मिळून. मुलगा ईहाब, रुलाच्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेला, कान जरा मोठे, बाकी नाव ठेवायला जागा नाही. बायकांनी सगळं आधीच ठरवून टाकलेलं. हे असं उघड मागणं म्हणजे ठरलेल्या गोष्टीला नुसता कोट चढवणं. स्वयंपाकघराच्या दाराआड आत्या-मावश्या आनंदाचा किलकार द्यायला जीभ ओली करून उभ्या होत्या, आणि त्यांच्यात रुला, तेवीस वर्षांची, हिरव्या पोशाखात. अबू नायल हे पंच्याऐंशीचे गृहस्थ, तीन गावांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी कॉफी घेतली, कप काचेवर ठेवला, तो असाच वाजला, आणि घसा साफ करून, तैसीरला 'रुलाचा बाप' अशी मानाची हाक मारत म्हणाले, "अबू रुला, आम्ही मागायला आलोय. आमची कॉफी तुमच्या शब्दावर थांबलीय."

तैसीरने खलफकडे बघितलं. खलफ त्याचा थोरला भाऊ, करकहून खास आलेला, त्याच्या उजव्या हाताला बसलेला. घरात थोरला असताना धाकट्याने तोंड उघडायचं नाही, हे तैसीर चालायच्या आधी शिकला होता. आपल्या वाङ्‌निश्चयाला बापाच्या जागी खलफच बोलला होता, आता मुलीच्या वेळीही तोच बोलणार. यात ठरवायचं काय होतं? म्हणून ठरवलंच नव्हतं. फोनवर एवढंच सांगितलं होतं की गुरुवारी ये. खलफ मात्र दाढीवर हात फिरवत समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. नंतर, पुष्कळ नंतर, तैसीरला उमगलं की खलफही वाटच बघत होता. मुलीचा बाप हा, घर याचं. याने आपल्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, 'दादा, शब्द तुझा' म्हणावं, मग आपण बोलू. याने करकला येऊन रीतसर विनंती केली नाही, नुसता फोन केला, ते पोटात होतंच. धाकटा थोरल्याच्या मानासाठी गप्प, थोरला आपल्या मानासाठी गप्प, आणि पंखा टकटकत राहिला. दोघं भाऊ तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. किती वेळ? आयुष्यभर जमिनी मोजणाऱ्या तैसीरला ते अंतर कधी मोजता आलं नाही. वाफ थांबली तेवढं त्याने बघितलं. कॉफीवर एक बारीक साय धरल्यासारखं दिसलं. मग अबू नायल उठले. अशा माणसाने एकदा उठल्यावर त्याला बसा म्हणणं हाही अपमानच. एकामागून एक खुर्च्या मागे सरकल्या, जिन्यात चपला-बुटांचा आवाज झाला, आणि टेबलावर तो कप राहिला. आत कोणीतरी, बहुतेक नुज्हाच्या बहिणीने, न कळून किलकार द्यायला सुरुवात केली, तो अर्ध्यावर तुटला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तैसीरने नकार दिला. भल्या पहाटे करकहून फोन. खलफ रातोरात परतला होता आणि तिथे मंडळी म्हणे खूश होती. त्या घराण्याशी आजोबांच्या काळात एका विहिरीवरून तेढ होती, ती कोणाला तरी आठवली होती. "शाब्बास," खलफ म्हणाला, "मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढी धमक असेल." त्या शब्दाची तैसीरला आजही लाज वाटते, कारण तो ऐकून त्याला बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्याने शाब्बास म्हटलं होतं. फोन खाली ठेवून त्याने ईहाबच्या घरचा नंबर फिरवायला रिसीव्हर पुन्हा उचलला. एका फोनचं काम होतं: गैरसमज झाला, या, कॉफी गरम करतो. पण म्हणजे सत्तावीस माणसांसमोर आपण नुसते मूग गिळून बसलो होतो हे कबूल करणं आलं. नकार देणारा बाप निदान बाप असतो. त्याने रिसीव्हर ठेवला. नुज्हाने विचारलं तेव्हा म्हणाला, "नशिबात नव्हतं." ती मरेपर्यंत तेवढ्यावरच थांबली. ईहाबचं सहा महिन्यांत चुलतबहिणीशी लग्न झालं, आता तो मस्कतला आहे, तीन मुलं. आणि रुलाने कधीच काही विचारलं नाही. पुढे दोन-तीन स्थळं आली, तिनेच परतवली. आत्या-मावश्या म्हणत, बापाला लेक हाताशी हवी होती, जीव फार ना तिच्यावर, म्हणून सोडली नाही. तैसीरने ते खोडून काढलं नाही. रुलानेही तेच धरून ठेवलं असावं असं त्याला वाटे, आणि तिथेच त्याचं पाऊल अडे. नकार तरी कोणाचातरी असतो, त्यामागे राग असतो नाहीतर माया. तिच्या आयुष्याचा निर्णय कोणी घेतलाच नव्हता, तो दोन भावांच्या मधल्या फटीत पडून हरवला होता, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"बाबा म्हणतायत, प्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

रुला इंग्रजीत म्हणाली. शांतपणे, तैसीरकडे न बघता, जशी ती त्याची इतर वाक्यं भाषांतर करून सांगत असे तशी. फक्त हे वाक्य त्याने उच्चारलेलं नव्हतं. योझे मोठ्याने हसला, डॉक्टरला खुंटीला टांगून त्याने कॉफी एका दमात घशाखाली लोटली, कडूपणाने डोळे मिटले, आणि आठवणीने मनगट दोनदा हलवलं. मेताने टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षं अडलेलं वाक्य असं एका फिरस्त्यासाठी, परक्या भाषेत, त्याच्या तोंडून नव्हे तर तिच्या तोंडून निघून गेलं, आणि खोलीत काहीसुद्धा पडलं-झडलं नाही.

आता काहीतरी मागायला हवं म्हणून योझेने इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या तिपाईवर कापड टाकून ठेवलेल्या वस्तूकडे बोट केलं. ती तैसीरची मोजणीची दुर्बीण होती. निवृत्तीच्या वेळी खात्याने नवी यंत्रं घेतली आणि ही जुनी त्याला भेट म्हणून दिली. त्याने ती बाल्कनीत नेऊन उभी केली, पाणसळ बघितली, समोरच्या टेकडीवर रोखली. योझे डोळा लावून बसला आणि ओरडलाच. टेकडी उलटी होती. घरं छपरांवर उभी, पाण्याच्या टाक्या खाली लोंबणाऱ्या, आणि एका गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आभाळात पाय रोवून. "जुनी यंत्रं अशीच," तैसीर रुलाला म्हणाला, "सांग त्याला. उलटं दिसतं, पण माप चुकत नाही." रुलाने सांगितलं. योझेने काहीतरी विचारलं. "विचारतायत, कधीच चुकलं नाही का?" रुला म्हणाली. तैसीरने बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं आठवली, त्याने खुंटी ठोकली की ती गप्प व्हायची. "जमिनीत नाही," तो म्हणाला. रुलाने हे सांगितलं की नाही ते त्याला कळलं नाही, कारण तेवढ्यात खाली त्यांच्या गाडीचा भोंगा वाजला. मेताने रुलाला मिठी मारली, योझेने छातीवर हात ठेवून वाकून निरोप घेतला, पुस्तकात वाचल्याप्रमाणे अगदी बरोबर. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. वळणापर्यंत मेताचा हात खिडकीबाहेर हलत होता.

चार वाजले असतील. दुपारच्या नमाजानंतरची सुस्ती अजून रस्त्यावर होती. तैसीर आपल्या खुर्चीवर येऊन बसला, रुमाल काढून मांडीवर ठेवला. रुलाने परातीतला उरलेला भात डब्यात भरला, हाडं मांजरासाठी बाजूला काढली, टेबलाची काच पुसली. तो तिच्याकडे बघत होता. एकोणचाळीस वर्षांची बाई, कानामागे पांढरे केस, चालताना आईसारखी डाव्या खांद्यावर किंचित झुकणारी. गेले काही दिवस फोनवर ती कोणाशी तरी दूर दक्षिणेच्या अकबा बंदराबद्दल बोलायची, तिथल्या एका कचेरीत मोठ्या हुद्द्याची नोकरी होती म्हणे. त्याच्याकडे विषय काढला नव्हता. त्याने विचारलं नव्हतं.

मग तिने स्वच्छ कप घेतला, त्यात किटलीतून घोटभर कॉफी ओतली, आणि योझे बसला होता त्या सोफ्यावर, जिथे एकेकाळी अबू नायल बसले होते, जाऊन बसली. कप काचेवर ठेवला. तो वाजला.

"हे काय?" तैसीर म्हणाला.

"कॉफी."

"ते दिसतंय मला. बायका असं करत नाहीत."

"वीस-पंचवीस माणसं घेऊन यायला हवं होतं का? खुर्च्या कुठून आणायच्या?"

त्याला हसू आलं असतं, पण तिचा चेहरा हसत नव्हता. पाहुण्यांसाठीचं हसू तिने भांड्यांबरोबर आवरून ठेवलं होतं. "मघाशी तुमचं वाक्य मी म्हटलं," ती म्हणाली. "दरवेळी ते मीच म्हणणार नाही."

अकबा, त्याच्या मनात आलं. जाते म्हणेल. किंवा कोणी असेल तिथे, लग्न करते म्हणेल. किंवा घर विकूया म्हणेल. काय मागणार हे ठाऊक नसताना आधी 'दिलं' म्हणायचं, हीच तर रीत. आधी माप घेऊन मग आकडा सांगणारा माणूस होता तो, न मोजता त्याने कधी कोणाला वीतभरसुद्धा दिलं नव्हतं. तिच्यावाचून हे घर कसं असेल ते त्याने एकदा डोळ्यांसमोर आणून बघितलं, आणि त्याला भीती वाटली, साधी, म्हाताऱ्या माणसाला वाटते तशी. कपातून वाफ निघत होती. उजव्या बाजूला बघण्यासारखं कोणी नव्हतं. खलफ चार वर्षांपूर्वी करकच्या मातीत गेला होता.

"पी," तैसीर म्हणाला. आवाज फुटका निघाला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "पी. ज्यासाठी आलीस ते दिलं."

रुलाने कपाला हात लावला नाही. "मग सांगा. त्या दिवशी 'नाही' का म्हणालात?"

गच्चीवरचं गालिचा झोडपणं कधीच थांबलं होतं. तैसीरने मांडीवरचा रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली.

"मी 'नाही' म्हटलं नव्हतं."

"मग काय म्हटलंत?"

"काहीच नाही."

त्याला वाटलं, आता पुढचं आपोआप तिला कळेल. पण तशी सोय नव्हती. तेही बोलावंच लागणार होतं. "मला वाटलं थोरला बोलेल. त्याला वाटलं मी त्याला बोल म्हणेन. आणि अबू नायल उठले."

"एवढंच?"

"तेवढंच." मग तो म्हणाला, "नाही. सकाळी मी फोन उचलला होता. तो पुन्हा ठेवला. ते खलफचं नाही. ते माझं."

रुलाने काचेकडे बघितलं. काचेवर मघाशी पुसताना राहिलेला एक भाताचा दाणा होता, तो तिने नखाने काढला. "माझ्यावर जीव होता म्हणून सोडलं नाहीत, असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "त्यावर काढली इतकी वर्षं." आवाजात रडणं नव्हतं, रागही ऐकू येत नव्हता. पत्ता चुकल्याचं ध्यानात आलेला माणूस जसा बोलतो तसं ती बोलली. जीव होता, आहे, असं तैसीरला सांगायचं होतं, पण आज त्याने जे दिलं होतं त्यात हे मिसळणं त्याला बरं वाटलं नाही. तो गप्प राहिला, आणि हे गप्प राहणं वेगळं आहे हे तिला समजावं असं त्याला फार वाटलं.

तिने कप उचलला. कॉफी निवून गेली होती. तिने ती तशीच, तळाच्या गाळासकट प्यायली. तैसीर तिच्या मनगटाकडे बघत होता. ते आता हलेल, दोनदा, आणि विषय कायमचा मिटेल, ती उठून जाईल, मग कदाचित अकबालाही जाईल, आणि तिला थांब म्हणायला त्याला तोंड राहणार नाही.

मनगट हललं नाही. रिकामा कप तिने तसाच त्याच्यापुढे धरला.

तैसीर उठला, किटली रीतीप्रमाणे डाव्या हातात घेतली आणि मुलीच्या कपात घोटभर ओतली.

"खुर्च्यांपासून सांगा," रुला म्हणाली.